बडग्याची पाटी

पोळ्याच्या चार दिवस आधी
बुधवारीतली पोट्टी दारात आली,
"काका, यंदा बडग्या एआयचा!"

बावीस वर्षं मीच रंगवतो त्यांच्या पाट्या.
कांद्याच्या भावावर लिहिलं, खड्ड्यांवर लिहिलं,
डेंग्यूच्या डासावर लिहिलं तेव्हा तर
इतवारीत मिरवणूक अडली पाटीपुढं,
बंदोबस्तातला हवालदारही हसला.

यंदा मी कागद घ्यायच्या आत
परात्यांचा हेमल म्हणाला,
"त्रास नका घेऊ काका, त्यालेच लिहाले लावलं."
"कोणाले?"
"त्यालेच बे... सॉरी काका. एआयले."

म्हणजे ज्याला जाळायचं
त्यानंच लिहून दिल्या स्वतःच्या नावच्या शिव्या,
चाळीस, मिनिटभरात,
आणि खाली नम्रपणे विचारलं होतं :
आणखी तिखट हव्या आहेत का?

चष्मा पुसून वाचल्या.
अडतीस पाणचट,
सावजीत बसून साधं वरण मागावं तशा.
यमक जागच्या जागी, घाम कुठंच नाही.
एकोणचाळिसावी बरी.
चाळिसावी मात्र

तोंड माझं तुमच्याच मातीचं,
थुंका, पण जपून थुंका.

ही मला सुचायला हवी होती.

आमच्या शनिवारच्या बैठकीत यावर भांडणं झालीत.
बारापात्रे सर म्हणतात, हे उसनं पीठ.
शालिनीताई म्हणाल्या, उसनं पीठ मीही आणते शेजारून,
भाकर तर मीच थापते ना?
मग कोणीतरी चिवडा फिरवला.
मी गप्प होतो.
मार्चमधल्या एका रात्री, सगळे झोपल्यावर,
मी त्याला माझी एक कविता दाखवली होती.
तो म्हणाला, फार सुंदर.
खोटं बोलला. त्या कवितेत काही नव्हतं.
पण मला त्याचं ते सुंदर आवडलं,
हे कुठल्या तोंडानं सांगणार?

आई कोष्ट्याची.
साडीच्या काठावरून बोट फिरवून सांगायची,
हा दामोधरचा हात.
अन् हे पाय, इथं तो उठला होता चहाले.
उठल्यानंतरचा पहिला ठोका सैल पडतो म्हणे.
पुढं हातमाग गेले. दामोधर गेला,
त्याआधी तीन वर्षं यंत्रमागावर रात्रपाळी करून गेला.
डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा
मी गांधीबागेतून आईला साडी आणली, मिलची, सेलमधली.
तिनं बोट फिरवलं. मध्येच थांबली.
"इथं उठला होता गा तो."

कोणी उठलं नव्हतं.
मी "हो" म्हणालो.

अजून मला कळत नाही
तो चहाला उठलेला माणूस
कापडात होता
की तिच्या बोटात.

शेवटी पिवळ्या रंगाचा डबा उघडला,
पेचकसानं, झाकण गंजलेलं.
चाळिसावीच रंगवायला घेतली.
तोंड माझं तुमच्याच, इथवर आलो
अन् चहाले उठलो.
खरंच तलफ आली होती, मुद्दाम नाही.
की मुद्दाम? देव जाणे.
परत येईतो ब्रश वाळलेला.
मातीचं जाड आलं, मा जरा वाकडा.
हेमल म्हणाला, "काका, मोबाईलवर फॉन्ट काढून देऊ?"
"राहू दे."

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळीच्या मागं
घेऊन जा गे मारबत, या गदारोळात
आमचा बडग्या डुलत निघाला,
खोक्याचं डोकं, वायरीच्या मिशा,
गळ्यात पाटी.
चितार ओळीच्या तोंडाशी एक म्हातारी थांबली.
ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं,
अन् पदर तोंडाला लावून हसली.
"कोनं लिवलं गा हे?"

पोट्टी माझ्याकडं बघायला लागली.
मी बडग्याकडं.