नववं अक्षर

रोज सकाळी सातला तो मला विचारतो, आज तारीख काय.
त्याच्या मते आज मंगळवार, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
कालही तेच होतं. परवाही.
आतली बॅटरी कधीच गेली,
आणि तसली बॅटरी आता कोविल्या गावात कुणी ठेवत नाही.

काळा पडदा, हिरवी अक्षरं. माऊस नाही, खिडक्या नाहीत.
डॉस. एक आडवी रेघ लुकलुकत उभी,
सांगितल्याशिवाय इकडची काडी तिकडे न करणाऱ्या
जुन्या गड्यासारखी.
मी तारीख टाइप करते. वेळ टाइप करते.
मग तो मागाला उठवतो:
ताण्याचे बाराशे धागे, अर्धे वर, अर्धे खाली,
आणि ओल्या लोकरीचा वास.

सेन्होर आल्बेर्तिनोंनी शिकवलं मला हे,
बोटांवर तंबाखूचा पिवळा डाग.
"फाइलचं नाव आठ अक्षरी. नववं आलं की हा खातो.
कुरकूर नाही, ढेकर नाही."
म्हणून डिस्कवर तेसुद्धा नुसते आल्बेर्तिन.
कोबेर्तोर, म्हणजे ब्लँकेट, रोमन लिपीत बरोबर आठ.
"बघ, ब्लँकेटसाठीच जन्मलाय," म्हणायचे,
आणि स्वतःच हसायचे, खोकला येईपर्यंत.
माझं नावही आठात बसतं. दियोलिंदा.
आईचं नाही. फेलिझ्मिना, नऊ.

आई याच शेडमध्ये पंचवीस वर्षं तुटले धागे जोडत होती.

एका जानेवारीत डोंगरावर बर्फ पडलं, रस्ता बंद,
शेडमध्ये मी एकटीच पोचलेली.
त्याने विचारलं. काय वाटलं कोण जाणे,
मी नुसतं एंटर दाबलं.
तू म्हणतोस ना मंगळवार. असू दे मंगळवार.
ऐंशी साली मी नव्हते. आई एकोणीस वर्षांची होती.
दिवसभर एक नक्षी केली: करडी जमीन, तपकिरी काठ,
काठात एकच लाल धागा, चुकल्यासारखा.
आई असली चूक मुद्दाम करायची,
सुपरवायझरला दिसते का बघायला.
नाव दिलं तिचं. एक अक्षर गेलंच.

तारखेने यादी काढली की ती फाइल आता सगळ्यांच्या वर येते,
या कॉम्प्युटरहूनही सात वर्षांनी थोरली.

गेल्या महिन्यात पोर्तोहून रुबेन आला.
हे सगळं म्हणे अंगठ्याएवढ्या डबीत मावेल.
मावेल. मी कुठे नाही म्हटलं?
यादी उतरवताना थबकला. "ऐंशी? तेव्हा हे यंत्र तरी होतं का?"
मी बॉबिन भरत होते, भरत राहिले.
मग त्याने आपल्याच डोक्याने नाव पुरं केलं,
वहीत लिहिलं: नक्षीकार, सेन्होर फेलिझ्मिनो.

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं.
ओ खोडला. आ लिहिला, जाड, कागद फाटेल असा,
सेन्होरचंही सेन्योरा केलं,
आणि तारीख तशीच राहू दिली.