आठ बिटांतला कोट

मोरकमच्या दगडी धक्क्यामागे,
बंद पडलेल्या बिंगो हॉलच्या वर थ्रेलफॉलची खोली.
दोन प्रिंटर, एक हीटर, खिडकीला काळं कापड,
आणि कागदाचे गठ्ठे, ज्यांना तो
हात धुतल्याशिवाय शिवत नाही.

त्यानं माझी फाइल उघडली,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं,
"हा आठ बिटांत का काढलास?"

का म्हणजे? कार्डावर जागा नव्हती.
आणि मला वाटायचं, आठ म्हणजे सोळाचे निम्मे.
सोळा आणे नाही, तर आठ आणे.
रोज हॉस्पिटलात मी अनोळखी छात्यांचे एक्स-रे काढते
बारा बिटांत, चार हजार शहाण्णव करड्या छटांत,
फासळीवरची केसाएवढी चीर निसटू नये म्हणून.
घरच्या माणसाला दोनशे छप्पन्न.

हिशेब त्यानं पाकिटाच्या पाठीवर मांडला.
आठ बिट: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न पायऱ्या.
सोळा बिट: त्यातल्या एकेका पायरीच्या जागी
आणखी दोनशे छप्पन्न.
"कागदाला एवढं कळत नाही," तो म्हणाला.
"सुती कागदाला तर दोनशेही कळत नसतील.
छापायला आठ पुरतात.
सोळा लागतात त्याआधी, ओढाताणीला."

मग ओढून दाखवलं.

फोटोत धुकं आहे. ओहोटीनं पाणी मैलभर मागे नेलंय,
चिखल कुठे संपला, आभाळ कुठे लागलं, पत्ता नाही.
धक्क्याच्या टोकाला बाबा,
शेजारच्या क्लिफर्डचा उसना कोट घालून.
सगळं मिळून चाळीसेक छटांत मावलेलं.
थ्रेलफॉल ते ताणतो, काळं काळ्याकडे, पांढरं पांढऱ्याकडे.
आलेखात फटी पडतात, दात गेलेल्या फणीसारख्या,
आणि आभाळात पट्टे उमटतात.
धुक्याला पायऱ्या. कुणी चढून जाणार असल्यासारख्या.

"आता सोळा कर की."
करतो. आकडा बदलतो, पट्टे तसेच.
मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दूध वाढत नाही.
"पुन्हा काढ मग," तो म्हणाला.
मी काही बोलले नाही.
त्यानं हीटर थोडा माझ्याकडे वळवला.

बार्शीला बाबांचं टेलरिंगचं दुकान होतं.
त्या दिवशी त्यांनी समुद्र फारसा पाहिलाच नाही.
बाही उलटी करून शिवण पाहिली,
अंगठ्यानं चाचपली,
"कापड एक नंबर. पण माया सोडलेली नाही.
उद्या हा क्लिफर्ड सुटला, तर उसवणार काय?"
तेवढ्यात मी बटण दाबलं.

थ्रेलफॉलला सांगितलं,
शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला
आम्ही माया म्हणतो.
तो म्हणाला, त्याच्या भाषेत त्या कापडाला
आणि भत्त्याला एकच शब्द.
आमच्यात त्या कापडाला आणि लळ्याला.
तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"तुझ्या बापाला बिट कळायचे," म्हणाला.

मग त्यानं धुक्यावर कण भुरभुरवले,
भाकरीला पीठ लावतात तेवढेच.
पायऱ्यांच्या कडा मोडल्या.
लबाडी आहे, तो म्हणाला, पण जुन्या फिल्मही अशाच वागायच्या.

प्रिंटर डावीकडून उजवीकडे धावत राहिला.
आधी आभाळ आलं. मग टोपी.
मग खाली वळलेला चेहरा, मग उलटलेली बाही.
भिंग लावून पाहिलं. शिवण दिसत नाही.
बाहीच्या आत पाचच छटा आहेत,
त्यातल्या कुठल्यातरी दोहोंच्या मध्ये ती राहिली.

अठरा पौंड झाले.
कटर उचलून त्यानं विचारलं,
"कडेनं पांढरं एक इंच सोडू?"
"दोन," मी म्हणाले.
आणि तो मापायला लागल्यावर,
"तीन सोड."