माया

नोव्हेंबरात ब्लॅकपूलचा समुद्र
भांडी विसळलेल्या पाण्यासारखा.
हॉटेलच्या तळघरात, बॉयलरला पाठ लावून,
माझं मशीन, एक ट्यूबलाइट,
आणि दारावर चिकटवलेला कागद:
अल्टरेशन्स. चोवीस तास.
आठवड्याचे साडेतीनशे पौंड, जेवण त्यांचं.

वर नाचघरात सत्तावन्न देश
जिना उतरायला शिकतायत, खाली न बघता.
माझ्याकडे येतात ते अनवाणी,
गाऊन दोन्ही हातांवर घेऊन,
झोपलेलं मूल उचलून आणावं तसा.

मी देश कमरेवरून ओळखते.
लाटविया पंचवीस.
पॅराग्वे सव्वीस, श्वास सोडला की साडेसत्तावीस.
मंगोलियाच्या ओयुनचा उजवा खांदा बोटभर उतरलेला.
पाणी वाहिलंय, तिनं खुणेनं सांगितलं.
मी माझा दाखवला:
इचलकरंजी, सुताची बाचकी, सात वर्षं.
मग दोघींनी मिळून तिच्या खांद्यात कापूस भरला.

भारताची आली ती घाईत.
कुठली गं तू? विचारलं.
दुबई, म्हणाली, फोनवरून नजर न काढता.
बरं. चेन बदलून दिली.
चेन चांगली बसली.

तियामिके रात्री दीडला आली,
कागदात चिप्स, व्हिनेगरचा वास सगळ्या तळघरभर.
तिच्या पट्ट्यावरच्या मलावीतला डब्ल्यू
शिवणाऱ्यानं गाळला होता.
आयोजक म्हणाले, इतक्या लांबून कोण वाचतंय.
उरलेलं मी वाचलं आणि मला हसू फुटलं: मलाई!
दुधावर धरते ती, आमच्याकडे.
तीही हसली, बोटं चाटत,
पण डोळे पट्ट्यावर.
वेल्सची पोरगी तापानं फणफणून घरी गेली होती,
तिचा पट्टा खुंटीला तसाच.
तिचा डब्ल्यू उसवला.
तिच्या देशाला एका रात्रीपुरता उधार मागितला म्हणा.

मग गाऊन. निळा, पायांत चार इंच लोळणारा.
मी कात्री उचलली
तशी तिनं माझं मनगट धरलं.
कापू नका.
एप्रिलात बहिणीचं लग्न, बहीण उंच.
तिच्यानंतर मामेबहीण, ती अंगानं भरलेली.
मुकुट मिळाला तर हे लोक नवा देतील,
नाही मिळाला तर हाच सगळ्यांना पुरायचाय.

इंग्रजीत त्याला अलाउन्स म्हणतात,
सरकारी भत्ता असावा तसं.
मी तिला आमचा शब्द दिला: माया.
शिवणीच्या आत सोडायची. बाहेरून दिसत नाही,
वेळ आली की उसवून वाढवायची.
माया, ती म्हणाली. मग थांबून,
अमायी. आमच्यात आईला.

मशीनचा दिवा स्वच्छच होता,
तरी मी तो पदरानं पुसायला गेले,
अंगात कार्डिगन होतं हे विसरून.

शेवटच्या रात्री मी किचनच्या दारातून पाहिलं.
लोकांनी चेहरे पाहिले असतील. मी दुमडी पाहिल्या.
पहिल्या पंधरांत मलावीचं नाव आलं नाही,
पण जिना ती अशी उतरली
की निळं कापड एकदाही टाचेखाली आलं नाही.
जिंकली ती कुठली, आता आठवत नाही.
मुकुट घालायला वाकली तेव्हा पाठीचा हुक सुटला,
तो मी लावलेला नव्हता.

सकाळी ट्रामही रिकाम्या.
गालिच्यावरून चुंबक फिरवून टाचण्या वेचल्या.
आणल्या होत्या दीडशे,
भरल्या एकशे बेचाळीस.
पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.
आठ जणी गेल्या कुठकुठल्या देशांत
कुणाच्या दुमडीत बसून, तिकिटाशिवाय.

एप्रिलात मला उचकी लागली
तर पाणी पिणार नाही मी लगेच.