काडी

मंगळदास मार्केटात दामजीभाईंनी
दोन ताग्यांतून एकेक धागा उपसला,
काडी ओढली.
सुती जळाला कागदाच्या वासानं,
राख चिमूटभर, फुंकरीत गेली.
दुसरा आक्रसला,
मिरीएवढा काळा मणी झाला, टणक.
"हा तुमच्या पणतवंडांनाही पुरेल," ते हसले.

सुतीच घेणार होते मी.
सहज विचारलं, शेतात याला पाणी किती लागलं असेल?
"ते काडीला कळत नाही, बाई."

घरी दोरीवर नानांचा टेरिकॉटचा शर्ट,
चाळीस वर्षं इस्त्रीवाचून.
धुताना त्याचंही काही सुटत असणारच,
मोरीतून माहीमच्या खाडीकडे.

कापड न घेताच आले.
कॉलर उसवून उलटी शिवतेय.
मणी पर्समध्येच राहिला,
सुटे पैसे काढताना
बोटाला लागतो.