अस्तर

मोन्फाल्कोने. सकाळचे सव्वासात. बोरा वारा
रात्रभर खिडक्यांना हिसके देऊन आत्ता कुठे दमलाय.
माझ्या अंधाऱ्या खोलीत दोन पडदे उजळतात
आणि ओंदिना देल्बेन, वय त्र्याहत्तर,
चकत्या-चकत्या होऊन समोर येते,
एकेक मिलिमीटरच्या, चारशे बारा.

चिठ्ठीवर सर्जनचं घाईचं अक्षर:
निघेल का?
बाकी काही नाही. नमस्कारसुद्धा नाही.

निघेल का, म्हणजे
उजव्या फुप्फुसाभोवती सायीसारखी धरलेली ही जाडी
बरगड्यांच्या मधे शिरली आहे का,
हृदयाच्या पिशवीला तिनं बोट लावलंय का,
आणि श्वासपटलाच्या खालून, यकृताच्या अंगाला,
ती डोकावते आहे का.
वरूनच असेल तर बोलता येतं.
खाली उतरली असेल
तर सर्जन हातमोजे घालत नाहीत.

मी माऊसचं चाक फिरवते. खाली. वर. परत खाली.
पेट स्कॅनमध्ये, जिथे भूक मोठी, तिथे साखर पेटलेली:
पाठीकडे एक पट्टा, घुमटावर एक ठिणगी.
ठिणगी घुमटाच्या वर आहे की खाली?
त्या जागी श्वास हलतो, चित्र हलतं,
आणि माझी वीस वर्षांची नजर
दोन मिलिमीटरच्या धुक्यात उभी राहते.

फॉर्मवर व्यवसाय: शिवणकाम.
अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध: नाही.
त्या 'नाही'वर कुणीतरी नंतर पेन्सिलनं काट मारून लिहिलंय,
नवरा गोदीत, पाइपांना गुंडाळणी करायचा.
कपडे ही धुवायची.

दहा वाजता ती स्वतःच आली. ताठ. ओठांना लाली.
"डॉक्टर सांगतात ते ऐकलं. मला बघायचंय."
असं करत नाहीत. मी खुर्ची ओढून दिली.

बराच वेळ ती बघत राहिली, मग चष्मा बदलला.
"हे माझं कापड," फुप्फुसावर नख ठेवून म्हणाली,
"आणि हे अस्तर.
चाळीस वर्षं कोटांना अस्तरं लावली मी, बाई.
चांगलं अस्तर कापडाखाली सरकतं,
हात वर केला की सरकतं, खाली केला की परत येतं.
हे सरकतंय का?"

मी म्हटलं, इथे सरकतंय. इथे नाही.

"म्हणजे इथे शिवलेलं नाही, चिकटवलंय.
शिवलेलं उसवता येतं. चिकटवलेलं ओढलं
की कापडच येतं हातात."

मी म्हटलं, तसंच असेल असं नाही. बुधवारी एमआरआय करू,
गरज पडली तर दुर्बिणीनं पोटातूनही बघू,
चित्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.
माझाच आवाज मला
दुकानदार मीटरपट्टी गुंडाळतो तसा वाटला.

ती ऐकत नव्हती.
"एर्मिनियो संध्याकाळी यायचा तेव्हा पांढरा असायचा,
पावाच्या भट्टीतून आल्यासारखा.
मी बाल्कनीत त्याची डगली झटकायची.
आणि नेवियाला, चार वर्षांची होती,
त्या ढिगाऱ्यावरच झोप यायची.
उबदार असतो ना तो ढीग.
तिची फिल्म काढाल का?
तिला न सांगता."

न सांगता नाही काढता येत, मी म्हटलं.
हे खरं होतं, आणि काही उपयोगाचं नव्हतं.

उठताना तिनं माझ्या डगल्याची कड चिमटीत धरली.
"हे लोंबतंय. किती दिवस झाले?
बुधवारी घेऊन या. मशीनमध्ये जायच्या आधी
थांबावं लागतंच की तासभर."

ती गेल्यावर मी अहवाल उघडला.
'काढता येण्याजोगं' लिहिलं. खोडलं.
'काढता न येण्याजोगं' लिहिलं. तेही खोडलं.
शेवटी लिहिलं: पटलाच्या खालच्या कडेबद्दल
या चित्रांवरून खात्री देता येत नाही.
आणि पाठवून दिलं.

डगला खुंटीवर आहे.
सुई-दोरा तीच आणेल, की मी न्यायचा,
विचारायचं राहून गेलं.