पंचावन्न पौंड

पंचावन्न पौंड, तिनं बोटांनी सांगितलं, पाच न् पाच.
म्हटलं, बाई, आमच्यात वजन नसतं. कानानं ठरतं.

सांगलीच्या स्पर्धेत तात ओढायचं यंत्र बंद पडलं
म्हणून कुणी रिक्षात घालून तिला मिरजेत आणलेली,
आमच्या गल्लीत, भोपळ्यांच्या ढिगापाशी:
फोतिनी, ग्रीसची, वय एकतीस, गुडघ्याला पट्टी,
क्रमांक चारशे बारा.
पूर्वी एकशे नऊ.
एकशे नऊ तिनं दोनदा दाखवले.

तात ओढली, भोकात आर रोवली,
अंगठ्यानं छेडली. अजून, ती मानेनं म्हणाली.
अजून.
तिसऱ्यांदा आम्हा दोघांना एकदमच कळलं.

तिच्या हातात तंबोऱ्याची जुनी घोडी दिली,
खुणेनं समजावलं: जवारी घासली की पुन्हा बोलते,
पण दर वेळी थोडी झिजते.
ती हसली नाही. गुडघ्यावरची पट्टी नीट केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत हरली.
सहा-चार, सात-सहा.
पोरगा म्हणाला, तात ढिली पडली असेल, अब्बा.

त्याला सांगितलं नाही,
मी दुकान बंद करून गेलो होतो.
जाळीमागे, उन्हात, डोळे मिटून बसलेलो.
सूर उतरला नव्हता,
शेवटचा चेंडू बाहेर गेला तेव्हाही.