हा, तो आणि तिसरा

स्पॅनिशमध्ये म्हणे तीन असतात.
एस्ते: माझ्यापाशी आहे तो.
एसे: तुझ्यापाशी आहे तो.
आणि आकेल,
ना माझ्यापाशी, ना तुझ्यापाशी,
पार तिकडचा.

आमचं दोनात भागतं, मी मारिसोलबाईंना सांगितलं.
हा आणि तो. फार तर बोट लांब करायचं
आणि 'तो' जरा ओढायचा, तोऽऽऽ.
मोबाईलच्या पडद्यावर त्या हसल्या.
मग म्हणाल्या, आता बोट न दाखवता सांगा.

चाळकेवाडीच्या सड्यावर माझी ड्यूटी.
नव्या यंत्रांची पुस्तकं स्पॅनिशमधून आलीत.
जो वाचेल त्याला वरची ग्रेड, साहेब म्हणाले.
ते 'जो' म्हणाले, मी 'जी' ऐकलं.

सकाळी स्कूटी बोगद्यातून बाहेर पडते
आणि घाट चढता चढता मी पाठ करते:
एस्ते मोलिनो, माझ्या हेल्मेटवरून जिची सावली सरकते ती.
एसे मोलिनो, वायरलेस घेऊन मुल्ला जिच्या शिडीवर चढलाय ती.
आकेल मोलिनो, तारळ्याच्या खोऱ्यापल्याड,
धुक्यात जिची पाती मोजता येत नाहीत ती.
पवनचक्की आपल्यात बाई, त्यांच्यात बाप्या.
वाऱ्याला काही फरक पडत नाही.

संध्याकाळी घरी दुसरी शाळा.
शार्दूल पाचवीत. रोजच्या वापरातली वीस विशेषणं
इंग्रजीत लिहून आणायचीत.
मोठा, बिग. जुना, ओल्ड. ओला, वेट.
इथपर्यंत ठीक.
दमट? तेही वेट, तो म्हणतो.
कोमट? थोडं हॉट.
शिळी? ओल्डच की गं.
आणि मऊ, मऊसूत, लुसलुशीत, गुबगुबीत,
सगळ्यांना एकच सॉफ्ट,
वेगवेगळ्या घरची पोरं एकाच गणवेशात उभी केल्यासारखी.
मी म्हणते, चपाती आणि मांजराचं पोट सारखंच का रे?
तो विचार करतो.
मांजराला विचारू या, म्हणतो.

लाइट जाते.
दिवसभर आम्ही राखलेल्या वाऱ्याची वीज
आमच्याच डोक्यावरून कुठं जाते कोण जाणे.
मोबाईलच्या उजेडात धडा तिसरा:
आकेल काळालाही लागतो.
आकेल दिया. तो दिवस.
आजचा नव्हे, कालचा नव्हे, फार मागचा.
दिया म्हणजे त्यांच्यात दिवस.
अंधारात ऐकायला बरं वाटलं.

लग्नानंतर मी यांना 'हे' म्हणायचे.
हे आलेत. ह्यांना चहात आलं चालत नाही.
समोर नसले तरी हेच.
कऱ्हाडला गेले, हे. आठवडाभर सोलापूरला, तरी हे.
मग जैसलमेरची साइट लागली,
वाळूत उभ्या केलेल्या पवनचक्क्या.
फोन सासूबाईंना यायचा
आणि मी स्वयंपाकघरातून विचारायचे,
काय म्हणतायत ते?
कधी बदललं, मला कळलं नाही.
जीभ माझ्याआधी शिकली.

परवा शाळेत फॉर्म भरताना
बाईंनी विचारलं, वडील कुठं असतात?
म्हणाले, तिकडं.
बोट न दाखवता.

लाइट येते. विसावं विशेषण राहिलंय.
'मोकळं, आई? एम्प्टी लिहू?'
दारामागच्या खुंटीकडं माझं लक्ष जातं.
तिथं त्यांचं जॅकेट असायचं,
आता माझा सेफ्टी बेल्ट.
थांब, म्हणते. एम्प्टी म्हणजे रिकामं.
मोकळं वेगळं. मोकळं रान. मोकळे केस.
हातातलं काम संपलं की आपण म्हणतो ना, मोकळी झाले.
'मग काय लिहू?'
उद्या बाईंना विचार.

तो तरी पेन्सिलीनं एम्प्टी लिहितो,
बघतो माझ्याकडं,
खोडतो,
जागा तशीच सोडतो
आणि रबराचा भुगा
फुंकर मारून उडवून देतो.